जायबंदी खेळाडूचे मोल



आठवड्याच्या बाजारात बैल घेणारा शेतकरी काय करतो, हे आपणांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल. तो बैलाचे दात मोजतो, खांदा चाचपतो, चार पावले चालवून पाहतो. मग दलाल उपरण्याखाली बोटे धरतो आणि भाव ठरतो. विकणाऱ्याला जनावराची खोड ठाऊक असते. घेणाऱ्याला ती हुडकून काढावी लागते. माणसांच्या बाबतीतही असाच सौदा होतो, असे मी म्हटले तर ते आपल्या कानांना खटकेल. परंतु अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलच्या जगात हे दरसाल घडते, उघडपणे घडते, आणि त्यासंबंधीचे नियम शेकडो पृष्ठांच्या ग्रंथात बांधून ठेवलेले आहेत. तेथे खेळाडूची एका संघाकडून दुसऱ्या संघाकडे अदलाबदल होते, आणि त्याची संमती घेण्याचे कारण सहसा पडत नाही. अशा वेळी खेळाडू नुकताच जायबंदी झालेला असेल आणि त्याच्या कराराचे शेवटचे वर्ष चालू असेल, तर त्याचे मोल कसे ठरवावे? हा प्रश्न वरवर हिशेबाचा दिसतो. पण त्यात एका माणसाचे उभे आयुष्य गुंतलेले असते. म्हणून आज मी एकाच खेळाडूची हकीगत मुख्यतः सांगणार आहे.

या खेळाडूचे नाव आयझेया थॉमस. उंची अवघी ५ फूट ९ इंच. आपल्याकडे ही उंची चारचौघांत शोभणारी. परंतु जेथे साडेसहा फूट म्हणजे मध्यम चण समजली जाते, तेथे हा गृहस्थ बुटका ठरला. २०११ साली नवोदित खेळाडूंची वार्षिक निवड झाली तेव्हा एकंदर ६० जणांची नावे पुकारली गेली, आणि त्यांत थॉमसचे नाव साठावे होते. निवडले गेलेल्यांतला अगदी शेवटचा! त्याला घेतले ते सॅक्रामेंटो किंग्ज या संघाने. मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे यांनी आपल्या सहकाऱ्यांसह २०१३ साली जो संघ विकत घेतला आणि २०१९ च्या ऑक्टोबरात जो वरळीला प्रदर्शनीय सामने खेळून गेला, तोच हा संघ. २०१३-१४ च्या हंगामात थॉमसने दर सामन्यास २० हून अधिक गुण मिळविले, तरी संघाने त्याला ठेवून घेतले नाही. २०१४ मध्ये तो फीनिक्सला गेला आणि २०१५ च्या फेब्रुवारीत बॉस्टन सेल्टिक्स संघात आला.

फीनिक्सला जाताना त्याने चार वर्षांचा, २ कोटी ७० लाख डॉलरचा करार केला होता. ही रक्कम ऐकून आपले डोळे विस्फारतील; पण या कराराची मेख पुढे आहे. या खेळात प्रत्येक संघाच्या एकूण वेतनखर्चाला एक मर्यादा घातलेली असते. दूरचित्रवाणीच्या नव्या करारामुळे ही मर्यादा २०१५-१६ मधील ७ कोटी डॉलरवरून पुढच्याच वर्षी ९ कोटी ४१ लाखांवर गेली. त्या उन्हाळ्यात ज्यांचे करार संपले होते, त्यांचे भाग्य उजळले. सामान्य कुवतीच्या खेळाडूंनाही वर्षाला दीड कोटी डॉलर मिळू लागले. थॉमसचा करार मात्र जुन्या काळातला, आणि तोही दरवर्षी किंचित उतरत जाणारा. त्यामुळे २०१६-१७ च्या हंगामात दर सामन्यास २८.९ गुण करणारा, सबंध स्पर्धेत गुणसंख्येत तिसरा आलेला हा खेळाडू सुमारे ६६ लाख डॉलरवर खेळत होता, आणि पुढच्या म्हणजे अखेरच्या वर्षी त्याला ६२ लाख ६० हजारच मिळावयाचे होते. करार संपला की संघाला तिजोरीची गाडीच दाराशी आणावी लागेल, असे तो हसत हसत जाहीरपणे बोलून दाखवीत असे. त्याचे म्हणणे अवास्तव नव्हते. स्वतःच्या संघाकडून त्याला पाच वर्षांचे जास्तीत जास्त वेतन मिळाले असते, तर ती रक्कम १७ कोटी डॉलरच्या वर गेली असती.

आता दुखापतीकडे वळू. २०१७ च्या मार्चमध्ये एका सामन्यात त्याच्या उजव्या खुब्याला इजा झाली. पण बाद फेरी जवळ आली होती आणि बॉस्टन पूर्व विभागात पहिल्या क्रमांकावर होते. तो खेळत राहिला. १५ एप्रिलला, बाद फेरीचा पहिला सामना उद्यावर आला असताना, त्याची धाकटी बहीण मोटार अपघातात मरण पावली. दुसऱ्या दिवशी थॉमस मैदानावर उतरला आणि त्याने ३३ गुण केले. २ मे रोजी, जो तिचा जन्मदिवस होता, त्याने वॉशिंग्टनविरुद्ध ५३ गुण केले. पुढे त्याच मालिकेत खुबा अधिक दुखावला, आणि १९ मे रोजी क्लीव्हलंडविरुद्धच्या सामन्यात अर्ध्यावरच त्याला बाहेर जावे लागले. खुब्याच्या उखळीच्या कडेला जे कूर्चेचे कडे असते ते फाटले होते. शस्त्रक्रिया न करता विश्रांतीने आणि उपचारांनी ते सुधारावे, असा मार्ग पत्करण्यात आला.

येथे क्षणभर थांबून एक गोष्ट लक्षात घ्यावी. सात फूट उंचीच्या खेळाडूचा पाय थोडा जड झाला, तरी त्याची उंची कमी होत नाही. चेंडू टोपलीजवळ आला की त्याचा हात तेथे पोहोचतोच. पाच फूट नऊ इंचांच्या खेळाडूचे सारे भांडवल म्हणजे पहिले पाऊल. प्रतिस्पर्ध्याला तो डोळ्याचे पाते लवते न लवते तोच मागे टाकतो, म्हणून तर त्याला टोपली दिसते. आणि ते पहिले पाऊल खुब्यातून निघते. दुसरे असे की, बचावाच्या वेळी प्रत्येक प्रतिस्पर्धी संघ अशा बुटक्या खेळाडूला शोधून त्याच्यावरच चाल करून जातो. आक्रमणात तो तीस गुण करतो तोवर हा तोटा झाकला जातो. ते तीसचे पंधरा झाले की तोटाच तेवढा उरतो. म्हणजे एकाच दुखापतीचे मोल दोन शरीरांत सारखे नसते.

अशा परिस्थितीत, २२ ऑगस्ट २०१७ रोजी, बॉस्टनने थॉमसला क्लीव्हलंड कॅव्हलिअर्स संघाकडे पाठविण्याचे ठरविले. मोबदल्यात कायरी अर्व्हिंग हा २५ वर्षांचा नामांकित खेळाडू येणार होता. त्याने स्वतःच क्लीव्हलंड सोडण्याची इच्छा व्यक्त केली होती. थॉमसबरोबर जे क्राउडर आणि आंते झिझिच हे दोन खेळाडू दिले, आणि शिवाय २०१८ च्या नवोदित निवडीतील एक हक्क दिला. हा हक्क मूळचा ब्रुकलिन संघाचा. ब्रुकलिन त्या काळी इतके दुबळे होते की, त्यांचा हक्क म्हणजे निवडीच्या यादीत फार वरचा क्रमांक, असा सर्वांचा अंदाज होता.

क्लीव्हलंडने कशासाठी हा सौदा केला, ते समजून घेण्याजोगे आहे. त्यांच्याकडे लेब्रॉन जेम्स हा त्या काळचा सर्वश्रेष्ठ खेळाडू होता, आणि तोही २०१८ च्या उन्हाळ्यात मोकळा होऊ शकत होता. तो राहिला तर आजच जिंकावयाचे होते, त्यासाठी थॉमस आणि क्राउडर. तो गेला तर उद्याची सोय पाहावयाची होती, त्यासाठी ब्रुकलिनचा हक्क. एका डोळ्याने आजचे, एका डोळ्याने उद्याचे पाहणारा हा व्यवहार होता.

पण थॉमसचे मोल यात नेमके किती धरले होते? कराराच्या अखेरच्या वर्षातील खेळाडू घेणारा संघ वस्तुतः तीन निरनिराळ्या वस्तू विकत घेत असतो, आणि लोक बहुधा पहिलीच तेवढी पाहतात. पहिली म्हणजे त्या वर्षाचा खेळ. दुसरी अधिक सूक्ष्म आहे. आपल्याच खेळाडूशी नवा करार करताना संघाला वेतनमर्यादा ओलांडण्याची सवलत मिळते. लॅरी बर्ड या जुन्या विख्यात खेळाडूच्या नावाने ती ओळखली जाते. अदलाबदल झाली की ही सवलत खेळाडूबरोबर नव्या संघाकडे जाते. म्हणजे घेणारा संघ एक वर्षाचा खेळच नव्हे, तर पुढची पाच वर्षे त्याला ठेवून घेण्याचा सवलतीचा अधिकारही घेतो. मात्र या अधिकाराला अर्थ केव्हा? खेळाडू निरोगी असेल तेव्हा. त्याचा खुबा कधीच पूर्ववत होणार नसेल, तर १७ कोटी डॉलर देण्याचा अधिकार हा अधिकार नव्हे, तो गळ्यातला धोंडा होय. तिसऱ्या वस्तूकडे मी शेवटी येईन.

हा सौदा जाहीर झाला, तरी पुरा झाला नव्हता. नव्या संघाच्या वैद्यांनी खेळाडूला तपासून पसंती दिल्यावाचून अदलाबदल पक्की होत नाही. क्लीव्हलंडच्या वैद्यांनी थॉमसचा खुबा तपासला आणि व्यवहार अडला. त्यांना आणखी काहीतरी हवे होते. आठवडाभर घासाघीस झाली. इकडे थॉमस दोन शहरांच्या मध्ये लोंबकळत राहिला; एका संघाने त्याला देऊन टाकले होते, दुसरा त्याला घेण्यास कचरत होता, आणि साऱ्या देशातली वर्तमानपत्रे त्याच्या एका सांध्याची चर्चा करीत होती. अखेर ३० ऑगस्टला बॉस्टनने मायामी संघाकडून आपल्याकडे आलेला, २०२० सालच्या दुसऱ्या फेरीतील निवडीचा एक हक्क वाढवून दिला आणि सौदा पार पडला. दुसऱ्या फेरीतील हक्क म्हणजे किरकोळ बाब. बैलबाजारात दोर आणि घुंगुरमाळ वर द्यावी, तसलाच हा प्रकार.

१९७० साली जॉर्ज ऍकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने वापरलेल्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला, आणि पुढे २००१ च्या नोबेल पारितोषिकात त्याला वाटा मिळाला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, विकणाऱ्याला मालाचे दोष ठाऊक असतात आणि घेणाऱ्याला नसतात. म्हणून घेणारा प्रत्येक माल सदोष असल्याचे धरूनच भाव करतो. बॉस्टनने थॉमसला दोन वर्षे दररोज पाहिले होते. त्याचा खुबा आणि त्याची अपेक्षा, दोन्ही त्यांना माहीत होत्या. असा संघ, आदल्याच हंगामात सर्वोत्कृष्ट खेळाडूच्या मतदानात पाचवा आलेला आपला लाडका माणूस देण्यास तयार होतो, हीच घेणाऱ्यासाठी मोठी सूचना होती. क्लीव्हलंडला ती कळली नव्हती असे मला वाटत नाही. ब्रुकलिनचा हक्क घेतल्यावाचून ते राजी झाले नाहीत, यातच थॉमसचे त्यांनी केलेले मोल दिसते. माझ्या मते त्या दिवशी क्लीव्हलंडच्या मनात थॉमस हा मुख्य माल नव्हताच.

वैद्यकीय तपासणीचा विषय निघालाच आहे, तर एक निराळी हकीगत सांगितल्यावाचून राहवत नाही. २०२१ च्या जानेवारीत चार संघांच्या एका मोठ्या अदलाबदलीत कॅरिस लेव्हर्ट हा खेळाडू ब्रुकलिनहून इंडियानाला जावयाचा होता. तपासणीत त्याच्या मूत्रपिंडावर गाठ आढळली. तो कर्करोग निघाला. त्याच महिन्यात शस्त्रक्रिया झाली, तो बरा झाला आणि मार्चमध्ये खेळूही लागला. सौदा झाला नसता तर ती तपासणीही त्या वेळी झाली नसती. इंडियानाने, हे कळल्यावरही, व्यवहार मोडला नाही.

आता थॉमसच्या अगदी उलट असे उदाहरण घेऊ. क्रिस्टॅप्स पोर्झिंगिस हा लाटव्हिया देशाचा खेळाडू. उंची ७ फूट ३ इंच. न्यूयॉर्क संघाकडून खेळताना ६ फेब्रुवारी २०१८ रोजी त्याच्या डाव्या गुडघ्यातील मुख्य अस्थिबंध तुटला. ही दुखापत खुब्याच्या दुखापतीहून लहान म्हणता येणार नाही. २०१८-१९ हे त्याच्या पहिल्या कराराचे शेवटचे वर्ष होते आणि त्या वर्षी तो एकही सामना खेळला नाही. तरीही ३१ जानेवारी २०१९ रोजी डॅलसने त्याला घेतले, आणि त्याच्यासाठी खेळाडूंबरोबरच पहिल्या फेरीतील दोन हक्क दिले. त्या उन्हाळ्यात त्याच्याशी पाच वर्षांचा, सुमारे १५ कोटी ८० लाख डॉलरचा करार केला.

हा फरक कशाने पडला? पोर्झिंगिस २३ वर्षांचा होता, थॉमस २८ वर्षांचा. त्याची उंची दुखापतीने जाणारी नव्हती, हे तर आहेच. तितकीच महत्त्वाची गोष्ट नियमांची. नवोदिताचा पहिला करार संपतो तेव्हा तो पूर्णपणे मोकळा होत नाही. दुसऱ्या संघाने देऊ केलेले वेतन देऊन त्याला ठेवून घेण्याचा हक्क त्याच्या संघाला असतो. म्हणून डॅलसला तो हातचा निसटण्याची भीती नव्हती. थॉमस मात्र करार संपताच मनास येईल तेथे जाऊ शकत होता. न्यूयॉर्कला कशाची घाई होती, हेही पाहावे. त्यांना वेतनमर्यादेत जागा मोकळी करून उन्हाळ्यात मोठे खेळाडू आणावयाचे होते. ते मोठे खेळाडू पुढे आले खरे, पण न्यूयॉर्कच्या दुसऱ्या संघाकडे, ब्रुकलिनला; आणि त्यांत कायरी अर्व्हिंगही होता! डॅलसचा डाव तरी कोठे पुरता साधला? पोर्झिंगिसचे पाय वरचेवर दुखावत राहिले आणि २०२२ च्या फेब्रुवारीत त्याला वॉशिंग्टनकडे धाडण्यात आले. पुढे २०२४ साली बॉस्टनने अजिंक्यपद मिळविले, तेव्हा तो त्या संघात होता.

पुन्हा थॉमसकडे येऊ. १७ ऑक्टोबर २०१७ रोजी हंगामाचा पहिलाच सामना क्लीव्हलंड आणि बॉस्टन यांचा झाला. थॉमस बाकावर बसून पाहत होता. सामना सुरू होऊन पाच-सहा मिनिटे झाली नाहीत तोच बॉस्टनचा नवा खेळाडू गॉर्डन हेवर्ड उडी घेऊन पडला आणि त्याच्या पायाचे हाड मोडले. हंगाम त्याच्यापुरता तेथेच संपला. पण हेवर्डने तीनच महिन्यांपूर्वी चार वर्षांचा, सुमारे १२ कोटी ८० लाखांचा करार केला होता. पाय मोडला तरी त्यातला एक डॉलर कमी होणार नव्हता. त्याला आपले सर्व चित्त पाय बरा करण्यात घालता आले. थॉमसला ती मुभा नव्हती. करार संपण्यापूर्वी आपण पूर्वीचेच आहोत हे त्याला सिद्ध करावयाचे होते, आणि त्यासाठी खेळणे भाग होते. सांधा विश्रांती मागत होता, करार विश्रांती देत नव्हता. कराराचे शेवटचे वर्ष म्हणजे काय, हे एकाच मैदानावरील या दोन माणसांकडे पाहिले म्हणजे कळून येते.

२ जानेवारी २०१८ रोजी तो परतला. क्लीव्हलंडसाठी तो १५ सामने खेळला. दर सामन्यास १४.७ गुण, आणि टोपलीकडे टाकलेल्या शंभर चेंडूंपैकी जेमतेम ३६ आत. गेल्या वर्षीचा थॉमस कोठे दिसेना. ८ फेब्रुवारीला, अदलाबदलीची मुदत संपण्याच्या दिवशी, क्लीव्हलंडने त्याला लॉस एंजलिस लेकर्सकडे पाठविले. त्याच्याबरोबर चॅनिंग फ्राय हा खेळाडू आणि पहिल्या फेरीतील एक हक्क दिला, आणि जॉर्डन क्लार्क्सन व लॅरी नान्स हे दोघे घेतले. म्हणजे सहा महिन्यांपूर्वी ज्याच्यासाठी अर्व्हिंग देण्यात आला, त्याच्यावर आता उलट काही वर घालून द्यावे लागले.

मग लेकर्सने त्याला घेतले तरी कशाला? येथे ती तिसरी वस्तू येते. लेकर्सला थॉमसचा खेळ नको होता; त्यांना त्याच्या कराराचा शेवट हवा होता. क्लार्क्सनचा करार आणखी दोन वर्षे चालणार होता आणि त्यात सुमारे २ कोटी ६० लाख डॉलर गुंतणार होते. थॉमस आणि फ्राय या दोघांचेही करार त्या उन्हाळ्यात संपत होते. ते संपताच तेवढी जागा वेतनमर्यादेत आपोआप मोकळी होणार होती. म्हणजे ज्या गोष्टीची थॉमसला रात्रंदिवस चिंता, की आपला करार संपत आला, तीच त्याच्या ठायी उरलेली बाजारातली एकमेव निश्चित किंमत ठरली. तो चांगला खेळो, वाईट खेळो, अंथरुणावर पडून राहो; जूनअखेर करार संपणार हे पक्के होते.

लेकर्ससाठी तो १७ सामने खेळला. २९ मार्चला त्याच्या खुब्यावर, दहा महिने टाळलेली शस्त्रक्रिया झाली. ब्रुकलिनचा तो गाजलेला हक्क निवडीत आठव्या क्रमांकाचा ठरला. क्लीव्हलंडने त्यावर कॉलिन सेक्स्टन या तरुणाला घेतले.

जुलै २०१८ मध्ये लेब्रॉन जेम्सने क्लीव्हलंड सोडले आणि तो लेकर्सकडे गेला. वेतनमर्यादेत जी जागा झाली होती, तीत त्याचा चार वर्षांचा, सुमारे १५ कोटी ४० लाख डॉलरचा करार बसला. त्याच महिन्यात आयझेया थॉमसने डेन्व्हर संघाशी एक वर्षाचा करार केला. वेतन सुमारे २० लाख डॉलर, म्हणजे त्याच्या इतक्या अनुभवाच्या खेळाडूला नियमाने देता येते त्यांतले सर्वांत कमी. त्या वर्षी तो बारा सामने खेळला.